दांडीची हजेरी

युद्ध सुरू झाल्यापासून आमच्या शहरातले फोन सकाळी थोडाच वेळ चालत, आणि त्या वेळात एका घरातून एकच फोन करता येई. आलेले कितीही घ्या, करायचा मात्र एकच. म्हणून आम्ही साखळीने हजेरी घ्यायचो.

आम्ही म्हणजे कॉलेजात एका लांब बाकावर बसणारे, आणि त्यातले या शहरात उरलेले: मिशी, दांडी, कंपास आणि मी. बाकीचे कुणी मुलांकडे गेले, कुणी देवाकडे. मिशीला मिशी फुटली तेव्हा वर्गातल्या इतर मुलांच्या ओठांवर जेमतेम लव होती. पुढे तो दातांचा डॉक्टर झाला, मिशी पांढरी झाली, मग काढून टाकली, नाव मात्र तेच राहिलं. कंपास नगरपालिकेत नकाशे काढायची, पण तिचं नाव त्याहून जुनं, तिच्या लांब पायांवरून पडलेलं. मला ते उपाशी म्हणत. माझे नेम-उपास तेव्हाही चालू असत आणि डबा बहुतेक वेळा दुसऱ्यांच्याच पोटात जाई.

आणि दांडी. ती वर्गात नसण्याबद्दलच प्रसिद्ध होती. आली तरी अशी यायची की सरांचं अर्धं शिकवून झालेलं असायचं, एका हातात वही, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल, केस ओले. तिची हजेरी आम्ही लावायचो. बहुतेकदा कंपास, कारण तिला आवाज बदलता यायचा. आमचे वनस्पतिशास्त्राचे सर म्हातारे होते, मान वर न करता नावं घ्यायचे, त्यामुळे बरेच दिवस निभावलं. एकदा मात्र दांडीचं नाव निघाल्या निघाल्या कंपासने "हजर" म्हटलं आणि सरांनी हजेरीपट मिटला. चष्मा काढून पुसला.

"ती मुलगी खरंच वर्गात असती," सर म्हणाले, "तर उत्तर द्यायला तिने एवढी घाई केली नसती."

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने दांडी हसली. ती तेव्हा दारातच उभी होती.

तर साखळी अशी होती. मिशीने दांडीला फोन करायचा, दांडीने कंपासला, कंपासने मला, आणि मी फिरून मिशीला. प्रत्येकाने हजर म्हणायचं आणि आधीचे कोण हजर आहेत ते पुढे सांगायचं. कुणी फोन उचलला नाही तर त्याला सोडून पुढच्याला लावायचा. माझा "हजर" मिशीपर्यंत पोचला की वर्तुळ पुरं, मग ज्याने त्याने आपल्या दिवसाला लागायचं. दिवस म्हणजे पाण्याची रांग, पावाची रांग आणि भोंगा झाला की तळघर.

दांडीने इथेही आपली चाल सोडली नाही. मिशीचा फोन ती वाजून वाजून थकायला आला की उचलायची. मग चष्मा शोधायची. चष्मा सापडला की कंपासचा नंबर शोधायची.

"अगं, पाठ करून ठेव की," कंपास तिला म्हणे.

"पाठांतर असतं तर पहिल्या फटक्यात पास नसते का झाले," हे तिचं उत्तर.

हे सगळं होईपर्यंत इकडे माझा चहा गार होई. कारण युद्ध लागलं तेव्हा मी देवाला सांगून एक नेम धरला होता: हजेरी पुरी झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. मला दुसरं काय करता येण्यासारखं होतं? बंदूक धरायचं वय नाही, जखमी उचलायची ताकद नाही. सकाळची प्रार्थना करायची, कपावर बशी झाकायची आणि फोनशेजारी बसायचं. नेमाचा गाजावाजा करू नये, असं मला लहानपणी शिकवलेलं, म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण घरात सून होती, आणि तिच्यापासून काय लपतंय.

"आई, चहावर साय धरली," ती म्हणायची.

"धरू दे."

"देवाला चालतं का हो हे? एका बाईला चष्मा सापडेपर्यंत दुसरीने उपाशी बसायचं?"

"देवाने कुठे सांगितलंय. मी सांगितलंय त्याला."

"मग त्याला हेही सांगा की मला कप विसळून कामावर जायचंय."

माझा मुलगा युद्धाच्या आधीच आजाराने गेला. त्याने हे काही पाहिलं नाही, एवढंच बरं. तो गेल्यावर सुनेच्या माहेरच्यांनी तिला बोलावलं होतं. ती गेली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "तिकडे आईशी भांडावं लागतं. इथे तुम्ही भांडतच नाही, मला आराम आहे." ती मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. घरी यायची तेव्हा हात कोपरापर्यंत लाल झालेले असत, बोटांना सोड्याचा वास. युद्धाच्या आधी चादरी पांढऱ्या निघत, म्हणायची. आता उकळून उकळून चहाच्या रंगाच्या निघतात.

हिवाळ्याच्या सुरुवातीला नदीपलीकडच्या भागावर मोठा मारा झाला. रात्रभर आमच्या खिडक्या दातखिळी बसल्यासारख्या वाजत होत्या. सकाळी फोन मुके. दांडी आणि मिशी दोघंही पलीकडचे. दुसऱ्या दिवशीही फोन मुके. मी नेमाप्रमाणे काही घेतलं नाही. सुनेने आरडाओरडा केला, मग गोडीने सांगितलं, मग माझ्यासमोर पाव ठेवून कामावर गेली. मी पावावर रुमाल झाकला. आपण एवढंही सोसायचं नाही तर देवाकडे तोंड वर करून मागायचं कशाच्या जोरावर, असं मला वाटत होतं. मी पाण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिले आणि तिथेच पडले. डोळे उघडले तेव्हा कुणीतरी बादलीतलं पाणी तोंडावर मारत होतं आणि रांगेतल्या बायका पाणी वाया गेलं म्हणून त्याच्यावर चिडल्या होत्या.

संध्याकाळी सून तडक कंपासकडे गेली. कंपास आमच्याच बाजूला, चालत जाण्यासारख्या अंतरावर राहते. तिथे तिने माझ्या नेमाची पुरी गोष्ट सांगितली. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या सकाळी फोन जिवंत झाले. कंपासचा आवाज आला.

"हजर. मिशी हजर. दांडी हजर."

"दांडीच्या भागात पडलं म्हणे बरंच."

"पलीकडच्या गल्लीत. तिच्या खिडक्यांच्या काचा गेल्या. ती बरी आहे. तू आधी काहीतरी खा."

माझा जीव भांड्यात पडला. मिशीला फोन करून मी हजर म्हटलं. त्याचा आवाज बसलेला होता. धुरामुळे असेल, मी म्हटलं. "हो, धूर फार आहे," तो म्हणाला.

मग थंडी वाढत गेली. रोज सकाळी हजेरी पुरी होत होती आणि मी खात होते. कंपास आता दांडीची थोडी बातमीही द्यायची. दांडीने खिडक्यांना पुठ्ठे लावले. दांडीला कुठूनशी कोळशाची पिशवी मिळाली. मला ऐकून बरं वाटायचं. प्रार्थनेत मी तिचं नाव सगळ्यांच्या आधी घेत असे, कारण ती एकटी होती.

याच सुमारास सून एक दिवस लवकर घरी आली, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात बोलली. एरवी ती हळू बोलत नाही. हॉस्पिटल दुसऱ्या गावी हलवणार होते. गाड्यांचे दोन ताफे जायचे होते. कर्मचाऱ्याला घरचं एक माणूस नेता येणार होतं, आणि कुणी मागे राहिलं तर त्याची जागाही दुसऱ्याला मिळणार होती.

"फोनवर एक अक्षर बोलायचं नाही," ती म्हणाली. "गाड्या, रस्ता, दिवस, काहीच नाही. ऐकणारे ऐकत असतात. तुमच्या मैत्रिणींनासुद्धा नाही."

"दांडीला घेऊ या," मी म्हटलं.

"आई."

"बारीक आहे ती. माझ्या मांडीवर बसेल."

"मांडीवर बसायच्या वयाच्या आहात का दोघी?" पण दुसऱ्या दिवशी ती विचारून आली. लाँड्रीतली एक बाई जाणार नव्हती. तिची जागा मिळत होती.

कंपाससाठी मी विचारलं नाही. तिचे यजमान, आमचे भावजी, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांना उचलून ट्रकमध्ये घालणं शक्य नव्हतं आणि त्यांना सोडून ती उंबरठ्याबाहेर पडली नसती. तिच्यापुढे जाण्याची गोष्ट काढणं म्हणजे लंगड्यापुढे पळून दाखवणं. म्हणून मी तिला काहीच सांगितलं नाही. फोनवर सांगायची बंदी होतीच, तिच्या घरी गेले तेव्हाही विषय टाळला. मिशीला फक्त एवढं म्हटलं, "दांडीला सांग, माझ्याकडे राहायला ये. चार दिवस. नक्की ये म्हणावं."

तो जरा थांबला. "सांगतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "येते म्हणाली."

ती आली नाही. त्याचं मला नवल वाटलं नाही. दांडी येते म्हणाली म्हणजे आली असं कधी झालंय? मी रोज निरोप देत राहिले, तो रोज "येते म्हणाली" सांगत राहिला. मी दिवाणावर तिच्यासाठी जाड पांघरूण काढून ठेवलं. पहिला ताफा निघायची सकाळ उजाडली तेव्हा सुनेने दोन पिशव्या दाराशी आणून ठेवल्या.

"तू जा," मी तिला म्हटलं. "मी दांडीला घेऊन दुसऱ्या ताफ्यात येते."

"कुणाच्या ओळखीवर? तिथे तुम्हाला कोण चढवून घेणार आहे? माझं माणूस म्हणून तुमची जागा आहे."

"मग दुसऱ्या ताफ्यात सगळ्याच जाऊ."

ती बराच वेळ पिशवीचा बंद हाताला गुंडाळत आणि सोडत उभी होती. मग तिने पिशव्या उचलून आत नेल्या. "तुमच्या दांडीबाई कॉलेजात वेळेवर आल्या नाहीत, त्या ट्रकला येणार आहेत," एवढंच पुटपुटली. पहिला ताफा नदीकाठच्या चांगल्या रस्त्याने गेला आणि सगळेच्या सगळे पोचले. त्यानंतर तो रस्ताही माऱ्यात गेला.

दुसऱ्या आणि शेवटच्या ताफ्याला थोडे दिवस उरले होते. त्या सकाळी मी प्रार्थना करून उठले, चहा गाळत होते, आणि फोन वाजला. कंपास. हजर, मिशी हजर, दांडी हजर. मी मिशीला फोन केला, वर्तुळ पुरं झालं, परत येऊन कप हातात घेतला.

सून केस बांधत होती. "एक बरं झालं," ती म्हणाली. "तुमच्या दांडीबाई सुधारल्या. हल्ली तुम्हाला गरम चहा मिळतो."

कपातून वाफ येत होती. माझी बोटं भाजत होती तरी मी तो खाली ठेवला नाही. मी मागचे दिवस आठवून पाहिले. कितीतरी दिवस मी गरम चहा पीत होते. फोन सुरू झाले की लगेच कंपासची घंटा वाजायची. चष्मा शोधणं नाही, नंबर शोधणं नाही. थंडीत, पुठ्ठे लावलेल्या अंधाऱ्या खोलीत, दांडी रोज वेळेवर.

मला सर आठवले. चष्मा पुसत होते.

"आई, काय झालं?"

"काही नाही. मी कंपासकडे जाऊन येते."

"चहा?"

"राहू दे."

रस्त्यावर काचांचा चुरा झाडून कडेला ढीग केले होते. पावाच्या दुकानापुढे रांग होती, पण दुकान बंद होतं. लोक तरी उभे होते. कंपास तळमजल्यावर राहते. तिने खिडक्यांना जुन्या नकाशांच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, आडव्या-उभ्या, मोजून मारल्यासारख्या सरळ. दार उघडं होतं. ती भावजींना कुशीवर वळवत होती. एक हात त्यांच्या पाठीखाली, दुसऱ्या हातात ओला टॉवेल.

"अगं, तू? आणि चालत?"

"हजेरी घ्यायला आले."

"सकाळी झाली की."

"परत घे. सरांसारखी. नावं घेऊन."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भावजींची पाठ पुसत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मिशी."

"हजर. त्याच्याशी मी स्वतः बोलते."

"दांडी," ती म्हणाली, आणि ओठ मिटायच्या आत स्वतःच म्हणाली, "हजर."

"तेव्हाही तू अशीच सापडली होतीस," मी म्हटलं.

तिने भावजींना हळूच उताणं केलं, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, टॉवेल बादलीत टाकला. मग खुर्चीवर बसली. तिचे लांब पाय खुर्चीखाली मावत नसत, आता तिने ते पोटाशी घेतल्यासारखे आवळले होते.

"फोन बंद पडले ना, त्याच रात्री," ती म्हणाली. "भोंगा झाला, सगळी बिल्डिंग तळघरात गेली. शेजारणीने तिचं दार वाजवलं. आतून म्हणाली, आलेच, चष्मा शोधतेय."

मी मफलर सोडून मांडीवर ठेवला.

"मिशीला बोलावलं ओळखायला. तिची खालची कवळी त्यानेच बसवली होती. त्यावरून..." तिने भावजींकडे पाहिलं. त्यांना ऐकू येत होतं. "त्यावरून झालं."

"पुरलं?"

"मिशीने आणि शेजाऱ्यांनी. जमीन गोठली होती. फार खोल नाही गेलं, म्हणाला."

बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं. तिचं एक चाक करकरत होतं. ते करकरणं लांब गेलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" कंपासचा आवाज चढला नाही, पण चिरकला. "तुझी सून इथे येऊन रडत होती. म्हणाली, आई पाण्याच्या रांगेत पडल्या, हजेरी पुरी झाल्याशिवाय खात नाहीत. आणि त्याच दिवशी पुलावरून मिशी हे सांगायला आलेला. तो समोर बसला होता इथे, तिला काही कळू दिलं नाही. आम्ही काय करायचं होतं, उपाशी? दांडी गेली म्हटलं असतं तर हजेरी कधीच पुरी होणार नव्हती. तू हट्टी आहेस. तुला पण घालवायची का आम्ही?"

"म्हणून कोळशाची पिशवी."

"ती माझी होती," कंपास म्हणाली. "मला मिळाली होती. म्हटलं, तिला मिळाली असं सांगावं."

यावर मला हसू आलं आणि ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं. इतके दिवस मी रोज तिचं नाव आधी घेऊन देवाला म्हणत होते, तिला ऊब दे. देव ऐकत असेल तर काय म्हणत असेल माझ्याबद्दल? मग मला वाटलं, तो काही म्हणत नसेल. त्याने अशी किती नावं त्या वेळी ऐकली असतील, जिवंतांच्या रांगेत घेतलेली.

"मी जाणार होते, कंपास," मी म्हटलं. "सुनेच्या हॉस्पिटलबरोबर. जागा होती. दांडीलाही होती. ती यायची म्हणून मी थांबले. पहिल्या ताफ्यातून गेले नाही. सूनही गेली नाही."

तिचा चेहरा हळूहळू बदलला. ती उठली, खिडकीपाशी गेली, सुटलेली एक पट्टी अंगठ्याने दाबत राहिली. पट्टी पुन्हा सुटत होती, कंपास पुन्हा दाबत होती.

"मिशी म्हणाला होता, तू तिला राहायला बोलावतेस. आम्हाला वाटलं, तुला एकटं वाटत असेल. म्हटलं, सांगू येते म्हणून, तेवढीच तुला वाट बघायला होईल." ती वळली. "मला का नाही बोललीस?"

"तुला येता येणार नव्हतं. तुझ्यापुढे कसं बोलू?"

"म्हणजे तू मला वाईट वाटू नये म्हणून गप्प, आणि मी तुला जेवू घालायचं म्हणून गप्प." तिने भावजींकडे पाहिलं. "ऐकलंत का हो? या वयात ही अक्कल."

भावजी घशातून काहीतरी बोलले. ते फक्त तिलाच समजतं. "काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, हिला आता तरी खायला दे."

कंपासने डब्यातून पाव काढला. कडक झाला होता, तिने तो टेबलाच्या कडेवर आपटून तोडला आणि अर्धा माझ्यासमोर ठेवला. हजेरी पुरी झालेली नव्हती. आता ती कधीच व्हायची नव्हती. मी पावाकडे बघत बसले. लहानपणापासून एवढे नेम केले, ताप असताना, प्रवासात, मुलगा गेला त्या दिवशीसुद्धा, पण माझ्या नेमासाठी कुणाला तोंडातून खोटं काढावं लागलं असं कधी झालं नव्हतं. निदान मला ते माहीत नव्हतं. मी डोळे मिटले, दांडीचं नाव घेतलं, या वेळी जिवंतांच्यात नाही, आणि घास तोंडात घातला. चावायला फार वेळ लागला. कंपास समोर बसून, मी गिळते की नाही ते बघत होती.

"आता माझा नेम ऐक," मी म्हटलं. "उद्यापासून मी आधी खाईन, मग फोनला हात लावीन. रोज. काहीही झालं तरी. माझ्या घासासाठी कुणी कुणाला हजर करायचं नाही. मिशीलाही सांग."

"सांगते."

"आणि मी जाऊ की नको? तू इथे..."

"जा," ती म्हणाली. "ह्यांना उचलून नेणारा ट्रक अजून बनायचाय. तुझ्या सुनेचं वय काय आहे? तिला घेऊन जा इथून." दाराशी आल्यावर तिने माझा मफलर नीट गुंडाळून दिला आणि गाठ इतकी घट्ट मारली की घरी पोचल्यावर सुनेला ती सोडवावी लागली.

"आपण जाऊ," मी सुनेला म्हटलं. "दोघीच."

"आणि दांडीबाई?"

"त्या येत नाहीत."

सून गाठ सोडवता सोडवता थांबली. मग दिवाणावरचं जाड पांघरूण तिने घडी करून पिशवीत भरलं.

दुसरा ताफा खाणीकडच्या रस्त्याने निघाला. आम्ही चादरींच्या गाठोड्यांवर बसलो होतो. उजाडता उजाडता पुढे मोठा आवाज झाला, आणि आमची गाडी शेतात उतरून वळसा घालून गेली. आमच्या पुढची गाडी पोचली नाही. तिच्यात लाँड्रीतल्या तीन मुली होत्या. त्यांतल्या एकीबरोबर सून रोज जेवायची. पहिल्या ताफ्यात जायचं म्हणून ती मुलगी आधी हट्ट धरून होती, पण सून थांबली म्हणून तीही थांबली होती. सुनेने मला हे तेव्हा सांगितलं नाही, दुसरीकडून कळलं. त्यानंतर ती बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला बोल लावला असता तर सोपं गेलं असतं. ती मला पाणी आणून द्यायची, पाय चेपून द्यायची, आणि भिंतीकडे तोंड करून निजायची. त्या मुलीच्या आईसाठी मी जी प्रार्थना करते, ती कुणापुढे म्हणून दाखवण्यासारखी नाही. तिच्यात शब्द फारसे नसतात.

नव्या गावी आम्हाला एका शाळेत ठेवलं. वर्गातले बाक भिंतीशी रचलेले, फळ्यावर कुणाची तरी अर्धवट सोडवलेली बेरीज. फोन मुख्याध्यापकांच्या खोलीत होता आणि सकाळी तिथे रांग लागायची. मी आधी पावाचा तुकडा खायची, कोरडा, चहा मिळाला तर चहाबरोबर, आणि मग रांगेत उभी राहायची. साखळी आता लहान झाली होती. मिशी कंपासला फोन करायचा, मी मिशीला.

मिशीला थोडक्यात बोलणं कधी जमलं नाही. हजर म्हणायच्या आधी तो आदल्या दिवशीच्या रोग्यांबद्दल सांगायचा. युद्ध असो नसो, लोकांच्या दाढा दुखतातच, तो म्हणे, उलट जास्त दुखतात, रात्रभर दात आवळून झोपतात ना. मग सावकाश, जसं काही आत्ता आठवलं, "हां, आणि कंपास हजर. भावजींना खोकला आहे." मला ते सावकाश ऐकायला आवडायचं. मागच्या रांगेतले लोक चुळबुळत, पण मी त्याला तोडत नसे.

बर्फ वितळायला लागलं त्या दिवसांत एका सकाळी मी नंबर फिरवला आणि पहिली घंटा पुरती वाजायच्या आत त्याने उचलला.

"सगळे हजर," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे. तू जेवलीस का?"

दाढांची गोष्ट नाही. खोकल्याची नाही. मी फोनची वायर हाताभोवती गुंडाळली.

"जेवले आहे, मिशी," मी म्हटलं. "खरंच जेवून आलेय. आता तू नावं घे. सरांसारखी."

 पलीकडे त्याने घसा साफ केला.

"मिशी," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "हजर."

"पुढे."

"दांडी."

"गैरहजर," मी म्हटलं.

"कंपास."

मी थांबले. मागून एका बाईने विचारलं, झालं का हो तुमचं. मी तिला हाताने थांब म्हटलं. पलीकडे मिशीही थांबला होता. कुणीच घाई केली नाही.

"भावजी?" मी शेवटी विचारलं.

"दोघंही. ती त्यांना सोडून तळघरात गेली नाही."

रांगेत कुणी खोकलं. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या घड्याळाचे काटे कधीचे बंद पडलेले होते, मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"उपाशी," मिशी म्हणाला. हजेरीतलं शेवटचं नाव तेच होतं.

पावाचा चुरा अजून माझ्या दातांत होता. मी तो गिळला.

"हजर," मी म्हटलं.